रिलीज आणि रिपॉझिटरीचे व्यवस्थापन : मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपॉझिटरीच्या (कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याच्या जागेच्या) मुख्य शाखेतील कोड सर्वांसाठी खुला असतो. मग वेगळी आवृत्ती प्रसिद्ध करण्याची गरजच काय?

कोड खुला असणे आणि तो वापरण्यास योग्य आहे असे कोणीतरी जबाबदारीने सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्य शाखेत सकाळी आलेले कमिट (नोंदवलेला बदल) दुपारी मागे घेतले जाऊ शकते आणि त्यात गैर काही नाही, कारण ती कामाची जागा आहे. आवृत्ती प्रसिद्ध करताना मात्र प्रकल्प एका ठरावीक कमिटकडे बोट दाखवून सांगतो की एवढा कोड आम्ही तपासला आहे, त्याला हे नाव दिले आहे, त्यात काय बदलले ते लिहून ठेवले आहे आणि त्यात दोष निघाला तर अमुक काळापर्यंत तो दुरुस्त करण्याची जबाबदारी आमची आहे. वितरणांसाठी (डेबियन, उबुंटू यांसारख्या तयार प्रणालींसाठी) पॅकेज बांधणारे, आपल्या उत्पादनात हा कोड वापरणारे, एखाद्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे तीच आवृत्ती चालवणारे, यांपैकी बहुतेकांशी आपली कधीच ओळख होत नाही. रिलीज म्हणजे अशा अनोळखी माणसांना दिलेला शब्द असतो, आणि पुढील जवळजवळ प्रत्येक उत्तर या एकाच गोष्टीतून निघते.

रिलीज ठरलेल्या तारखेला करावे की काम पूर्ण झाल्यावर?

बहुतेक प्रकल्पांनी तारीख पक्की ठेवावी आणि त्या तारखेपर्यंत जे तयार होईल तेवढेच बाहेर काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'काम पूर्ण झाले की रिलीज' हे ऐकायला अधिक जबाबदार वाटते, पण प्रत्यक्षात त्याचा परिणाम उलटा होतो. पुढचे रिलीज कधी येणार हे कोणालाच माहीत नसेल, तर प्रत्येक योगदानकर्ता आपला बदल याच आवृत्तीत बसवण्यासाठी धडपडतो, कारण ही संधी हुकली तर पुढची सहा महिन्यांनी येईल की दोन वर्षांनी, याची खात्री नसते. अर्धेकच्चे बदल आत येतात, ते स्थिरावेपर्यंत रिलीज लांबते, लांबले म्हणून आणखी बदलांना वाव मिळतो आणि त्यामुळे ते पुन्हा लांबते. पुढची गाडी कधी आहे हे ठाऊक असेल, तर कोणी धावत्या गाडीला लटकत नाही.

लिनक्स कर्नलची (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची) २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत नवे काम २.५ या विकासमालिकेत चालू होते, पण वापरकर्त्यांना ते आजच हवे होते. म्हणून वितरणे तयार करणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या २.४ मध्ये नवे बदल स्वतःच मागे आणून जोडले आणि एकाच क्रमांकाचे, पण आतून बरेच वेगळे असे कर्नल लोकांच्या हाती पडले. डेबियनची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आणि ३.१ जून २००५ मध्ये आली, म्हणजे तिथेही वापरकर्त्यांना जवळपास तीन वर्षे थांबावे लागले. कर्नलने नंतर विकासमालिका आणि स्थिर मालिका हा भेदच मोडीत काढून छोटी, नियमित चक्रे स्वीकारली. डेबियन आजही तयार झाल्याशिवाय आवृत्ती काढत नाही, मात्र कोड गोठवण्याच्या तारखा आधी जाहीर होतात आणि साधारण दोन वर्षांचा ठेका पाळला जातो.

तारीख कधीच हलू नये, असा याचा अर्थ नाही. उबुंटूची २००६ मधील दीर्घ आधाराची आवृत्ती एप्रिलमध्ये अपेक्षित होती. ती जूनमध्ये आली, आणि तिचा क्रमांक ६.०६ (म्हणजे २००६ चा सहावा महिना) असा असल्यामुळे तो उशीर क्रमांकातच कायमचा नोंदला गेला. आधी सांगून, कारण देऊन, एकदाच आणि मोजक्या मुदतीसाठी पुढे ढकललेली तारीख लोक समजून घेतात. दर आठवड्याला 'पुढच्या आठवड्यात' असे सांगणाऱ्या प्रकल्पावरचा विश्वास मात्र उडतो.

चक्र किती मोठे असावे?

नवी आवृत्ती स्वीकारताना वापरकर्त्याला किती त्रास पडतो, यावर ते ठरवावे. आपल्याला कोड किती वेगाने लिहिता येतो, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. रस्ट भाषेचा कंपायलर (कोडवरून चालता प्रोग्राम बनवणारे साधन) दर सहा आठवड्यांनी येतो, कारण नवी आवृत्ती बसवणे सोपे आहे आणि स्थिर म्हणून जाहीर झालेली वैशिष्ट्ये मोडायची नाहीत, असा त्या प्रकल्पाचा दंडक आहे. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदाच येते, कारण माहितीने भरलेला डेटाबेस एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर नेणे हे जोखमीचे काम आहे आणि ते दर सहा आठवड्यांनी करायला कोणीही तयार होणार नाही. पायथॉन आधी साधारण दीड वर्षाच्या अंतराने येत असे. ३.९ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२० पासून, दर ऑक्टोबरला एक आवृत्ती असा वार्षिक क्रम सुरू झाला. फायरफॉक्सने २०११ मध्ये सहा आठवड्यांचे चक्र स्वीकारले आणि २०२० मध्ये ते चार आठवड्यांवर आणले. मात्र ज्या संस्थांना इतक्या लवकर बदल झेपत नाहीत, त्यांच्यासाठी दीर्घ आधाराची वेगळी शाखाही ठेवली.

नव्या प्रकल्पाने तीन किंवा सहा महिन्यांपासून सुरुवात करावी. चक्र नंतर लहान करणे सोपे जाते.

गोठवणे म्हणजे काय, आणि ते कधी करावे?

ठरलेल्या दिवसानंतर नवी वैशिष्ट्ये स्वीकारायची नाहीत, फक्त दोष दुरुस्त करायचे, याला कोड गोठवणे किंवा फ्रीझ म्हणतात. याची सर्वांत शिस्तबद्ध पद्धत लिनक्स कर्नलमध्ये पाहायला मिळते. प्रत्येक आवृत्ती प्रसिद्ध झाली की पहिले सुमारे दोन आठवडे मर्ज विंडो उघडी असते आणि त्या काळात उपविभागांचे मेंटेनर (देखभाल करणारे) आपले तयार काम मुख्य शाखेत पाठवतात. दोन आठवडे संपले की पहिली आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, निघते आणि खिडकी बंद होते. त्यानंतर साधारण दर आठवड्याला एक आरसी येते, सातवी किंवा आठवी आरसी झाली की अंतिम आवृत्ती बाहेर पडते आणि सगळे चक्र नऊ ते दहा आठवड्यांत पुरे होते.

येथे एक बारकावा सहज निसटतो. त्या दोन आठवड्यांत काम लिहिले जात नाही, ते आधीच लिहून, तपासून, लिनक्स-नेक्स्ट नावाच्या वेगळ्या शाखेत इतरांच्या बदलांबरोबर पडताळून झालेले असते. मर्ज विंडो ही फक्त पोचवण्याची वेळ आहे. हे लक्षात न घेता अनेक लहान प्रकल्प 'दोन आठवडे काम, सहा आठवडे चाचणी' अशी वाटणी करतात आणि मग दोन आठवड्यांत घाईने लिहिलेला कोड सहा आठवडे निस्तरत बसतात.

आवृत्तीला क्रमांक कसा द्यावा?

लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरण्यासाठीचा कोड) असेल तर सिमँटिक व्हर्जनिंगचे तीन भाग वापरावेत: जुना वापर मोडणारा बदल असेल तर पहिला आकडा वाढतो, जुने न मोडता नवी भर घातली तर दुसरा आणि केवळ दुरुस्ती असेल तर तिसरा. वापरकर्ते जे प्रत्यक्ष उघडून चालवतात अशा प्रणालीसाठी किंवा वितरणासाठी उबुंटूसारखा वर्ष-महिन्याचा क्रमांक अधिक बोलका ठरतो, कारण आवृत्ती किती जुनी आहे हे त्यावरूनच कळते. लिनक्स कर्नलच्या क्रमांकात यांपैकी कोणताच अर्थ नाही. २.६.३९ नंतर २०११ मध्ये थेट ३.० आले, ते केवळ आकडे फार लांबले म्हणून. कोणतीही पद्धत चालेल, पण ती लिहून ठेवावी आणि पाळावी. पहिला आकडा जाहिरातीसाठी वाढवू नये, आणि जुना वापर मोडणारा बदल तिसऱ्या आकड्यात लपवणे तर त्याहून वाईट.

चुकीच्या कमिटवर टॅग (आवृत्तीच्या नावाची खूण) लागला आहे. तो हलवला तर चालेल का?

तो अजून फक्त आपल्या संगणकावर असेल तर खुशाल हलवावा. सार्वजनिक रिपॉझिटरीत गेला असेल, मग त्याला पाच मिनिटेच झाली असली तरी, हलवू नये.

यातून काय होते ते मी जवळून पाहिले आहे. एका प्रकल्पात २.३.० चा टॅग लागल्यावर एक फाइल राहून गेल्याचे लक्षात आले. टॅग पुसून, फाइल घालून त्याच नावाने पुन्हा लावण्यात आला. या कामाला वीस मिनिटेही लागली नव्हती. त्या वेळात दोन वितरणांच्या स्वयंचलित यंत्रणांनी जुना टॅग उचलला होता. गिट (कोडचा इतिहास सांभाळणारे साधन) आधीच असलेल्या टॅगवर आपोआप नवा टॅग चढवत नाही, त्यामुळे ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडे जुनाच २.३.० राहिला आणि नंतर घेणाऱ्यांकडे नवा गेला. पुढे कित्येक दिवस 'आमच्या २.३.० मध्ये ही फाइल नाही' आणि 'आमच्याकडे तर आहे' असा पत्रव्यवहार चालला. दोन्ही बाजू खरे बोलत होत्या. एका पॅकेजची चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली पडताळणी-संख्या) जुळेना, तेव्हा कोणीतरी फाइलमध्ये फेरफार केल्याचा संशय आला आणि त्याची शहानिशा करण्यात आणखी वेळ गेला. २.३.१ काढायला अर्धा तास पुरला असता. गिटच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतही हाच सल्ला आहे: चूक झाली हे कबूल करा आणि नवे नाव द्या.

प्रसिद्ध केलेली आवृत्ती मागे घेता येते का?

'ही वापरू नका' असे जाहीर करता येते, पण ती नाहीशी करू नये. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारावरून लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले, तेव्हा त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड (कोडवरून प्रोग्राम तयार करण्याचे काम) बंद पडले. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले. रस्टच्या आणि पायथॉनच्या पॅकेज-भांडारांत यासाठी यँक नावाची सोय आहे. यँक केलेली आवृत्ती नव्याने निवडली जात नाही, पण जे आधीपासून नेमकी तीच आवृत्ती वापरतात त्यांना ती मिळत राहते.

शाखा किती ठेवाव्यात?

जितक्या कमी तितके बरे. एक मुख्य शाखा, जिच्यावरून कोणत्याही दिवशी रिलीज काढता येईल अशी तिची स्थिती असावी, आणि ज्या ज्या आवृत्तीला आपण आधार देत आहोत तिच्यासाठी एकेक शाखा, एवढ्यात बहुतेक प्रकल्पांचे भागते. नव्या वैशिष्ट्यांच्या शाखा असाव्यात, पण त्या दिवसांच्या हिशेबात जगाव्यात, महिन्यांच्या नव्हे. तीन महिने वेगळी राहिलेली शाखा परत जोडताना बदलांचा जो संघर्ष होतो, तो सोडवणाऱ्याला दोन्ही बाजूंचा हेतू आठवावा लागतो, आणि तीन महिन्यांनी तो लिहिणाऱ्यालाही नीट आठवत नाही. काम मोठे असेल तर ते तुकड्यातुकड्यांनी मुख्य शाखेत आणावे आणि पूर्ण होईपर्यंत एखाद्या सेटिंगमागे बंद ठेवावे.

दोष जुन्या आवृत्तीत सापडला. दुरुस्ती आधी कुठे करावी?

आधी मुख्य शाखेत, मग तिथून मागे. हा क्रम कधीही उलटा करू नये.

समजा ४.२ मध्ये रिकामी फाइल उघडली की प्रोग्राम कोसळतो. वापरकर्ता ४.२ वर आहे आणि तक्रारही त्याच आवृत्तीची आहे, म्हणून थेट ४.२ च्या शाखेत दोन ओळी बदलून ४.२.१ काढण्याचा मोह होतो. मुख्य शाखेत तीच दुरुस्ती 'नंतर करू' म्हणून राहते. चार महिन्यांनी ४.३ येते, तोच वापरकर्ता विश्वासाने ती बसवतो आणि रिकामी फाइल उघडताच प्रोग्राम पुन्हा कोसळतो. दुरुस्त झालेला दोष परत आला, याइतके मन खट्टू करणारे वापरकर्त्यासाठी दुसरे काही नसते. म्हणून दुरुस्ती आणि तिची चाचणी मुख्य शाखेत घालावी, ती चाचणी यशस्वी झाली की ते कमिट चेरी-पिक करून (म्हणजे तेवढेच उचलून) ४.२ च्या शाखेत आणावे आणि आणताना एक्स (-x) हा पर्याय द्यावा, म्हणजे मूळ कमिटची ओळखसंख्या संदेशात आपोआप नोंदली जाते. वर्षभराने ही दुरुस्ती कुठून आली असे कोणी विचारले, तर त्या एका ओळीत उत्तर मिळते. लिनक्सच्या स्थिर शाखांचाही हाच नियम आहे: पॅच किंवा त्याच्या तोडीचा बदल आधी मुख्य प्रवाहात असला पाहिजे, आणि आजूबाजूच्या ओळी धरून तो १०० ओळींपेक्षा मोठा नसावा.

ज्या दोषाचा कोडच मुख्य शाखेतून केव्हाच गेला आहे, तेवढा एक अपवाद. मात्र तसे संदेशात स्पष्ट लिहावे.

एकच मोठी रिपॉझिटरी ठेवावी की अनेक लहान?

जे भाग एकाच दिवशी, एकाच क्रमांकाने प्रसिद्ध होतात ते एकत्र ठेवावेत. ज्यांचे रिलीज स्वतंत्रपणे होते आणि ज्यांचे मेंटेनर वेगळे आहेत ते वेगळे ठेवावेत. एक साधी कसोटी आहे: गेल्या काही महिन्यांतील बदल चाळून पाहावेत, आणि एकाच कामासाठी दोन रिपॉझिटरींमध्ये जोडीने कमिट करावे लागल्याचे वारंवार दिसले, तर ती विभागणी चुकीच्या जागी झाली आहे.

कमिटचा इतिहास नीटनेटका ठेवण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

कारण तो इतिहास कधीतरी तपासाचे साधन होतो. गिटमधील बायसेक्ट ही सोय 'ही आवृत्ती चांगली, ही बिघडलेली' एवढ्या माहितीवरून मधला प्रत्येक वेळी निम्मा भाग गाळत दोष आणणारे नेमके कमिट शोधते. मध्ये १,००० कमिटे असतील तर सुमारे १० चाचण्यांत आणि १०,००० असतील तर साधारण १४ चाचण्यांत उत्तर हाती येते. मात्र त्यासाठी प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बिल्ड होणारे असावे लागते. 'काम अर्धवट, उद्या पाहू' असे संदेश असलेली आणि कंपाइलही न होणारी कमिटे मध्ये आली की बायसेक्ट तिथेच अडते.

पुल रिक्वेस्टमधील (बदल स्वीकारण्याच्या विनंतीतील) सर्व कमिटे एकत्र करून एकच जोडावे की जशीच्या तशी, यावर मतभेद आहेत. लहान बदल एकत्र करावा. मोठ्या बदलाचे मात्र अर्थपूर्ण टप्पे पाडून ते तसेच राहू द्यावेत, कारण हजार ओळींचे एकच कमिट बायसेक्टने शोधून दिले तरी दोष त्यात कुठे आहे हे कळत नाही. संदेशात काय बदलले यापेक्षा का बदलले ते लिहावे. काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच.

चुकून पासवर्ड किंवा गुप्त की (प्रवेशाची डिजिटल किल्ली) रिपॉझिटरीत गेली. इतिहासातून पुसली तर पुरे का?

नाही. सर्वांत आधी ती की रद्द करावी. ती सार्वजनिक झाली त्या क्षणी कोणीतरी घेतली आहे, असेच धरून चालावे. इतिहास पुन्हा लिहिण्याचे काम त्यानंतरचे, आणि ते केल्याने सर्व योगदानकर्त्यांच्या प्रती विसंगत होतात, म्हणून अनेकदा ते न केलेलेच बरे.

वितरणाची टार फाइल (सगळा कोड एकत्र बांधलेली फाइल) रिपॉझिटरीवरूनच बनते. तिची वेगळी काळजी का घ्यावी?

ती खरोखरच रिपॉझिटरीवरून आणि फक्त रिपॉझिटरीवरून बनते का, हाच कळीचा प्रश्न आहे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएलच्या विकासकाने एक्सझेड या संपीडन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट असल्याचे जाहीर केले. डेबियनच्या अस्थिर शाखेवर एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकावर सुरक्षित प्रवेश करायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे खटकल्यामुळे ते तिथवर पोचले होते. दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवलेल्या सहमेंटेनरच्या नावाने हे घडवण्यात आले होते. चोरवाटेचा मुख्य भाग चाचणीसाठीच्या फाइली म्हणून रिपॉझिटरीत ठेवला होता, पण बिल्डच्या वेळी तो उलगडून जोडणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या टार फाइलमध्ये होती. रिपॉझिटरीतील प्रत्येक ओळ डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती.

म्हणून टार फाइल कोणाच्या वैयक्तिक संगणकावर हाताने बनवू नये. टॅगवरून, सार्वजनिक बिल्ड यंत्रणेत, सर्वांना वाचता येईल अशा स्क्रिप्टने ती बनवावी, आणि दुसऱ्या कोणी तीच कृती केली तर बाइट-बाइट तीच फाइल तयार व्हावी. तारीख, फाइलींचा क्रम, बिल्डच्या फोल्डरचा मार्ग या तीन गोष्टींमुळे सहसा फरक पडतो. तारखेसाठी सोर्स-डेट-इपॉक हा प्रचलित संकेत आहे, त्यानुसार बिल्डच्या वेळेऐवजी कमिटची वेळ वापरली जाते. टॅगवर डिजिटल सही करावी, फाइलसोबत एसएचए-२५६ चेकसम द्यावी. चेकसममुळे फाइल वाटेत बिघडली नाही एवढेच कळते, ती कोणी बनवली हे सहीवरून कळते. त्यामुळे दोन्ही हव्यात.

सुरक्षेचा दोष कळला तर नेहमीच्या चक्राची वाट पाहावी का?

गंभीर दोष असेल तर मुळीच नाही. अशा वेळी आधाराखालील प्रत्येक शाखेतून फक्त तेवढी दुरुस्ती असलेली आवृत्ती एकाच वेळी काढावी, तिच्यात दुसरे काहीही मिसळू नये. मुख्य शाखेत तीन महिन्यांचे न तपासलेले काम साचले असेल आणि जुन्या आवृत्तीची शाखाच ठेवलेली नसेल, तर वापरकर्त्यासमोर दोनच वाईट पर्याय उरतात: दोष तसाच ठेवणे किंवा अर्धवट काम स्वीकारणे. म्हणून ही तयारी आधी लागते. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला, तेव्हा तिची १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी आली.

दुरुस्ती खासगी शाखेत तयार करावी आणि कमिटचा संदेश उघड होण्याची वेळ व आवृत्तीची वेळ एकच ठेवावी, कारण दुरुस्तीचे कमिट आधी दिसले तर त्यावरून दोष ओळखणारे लोक असतात. पहिली दुरुस्ती अपुरी ठरू शकते, हेही धरून चालावे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीची गंभीर दोष दुरुस्त करणारी २.१५.० आली आणि पाठोपाठ त्याच महिन्यात २.१६.० व २.१७.० काढाव्या लागल्या. ज्यांची रिलीजची प्रक्रिया सरावातली असते, त्यांनाच असे एकामागून एक रिलीज शांतपणे काढता येते.

जुन्या आवृत्त्यांना किती काळ आधार द्यावा?

आपल्याला झेपेल तेवढाच, पण आधी तारीख सांगून. पोस्टग्रेस्क्यूएलची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते आणि लहान दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबर या महिन्यांच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. ही तारीख इतकी पक्की आहे की डेटाबेस सांभाळणाऱ्यांना तिच्याभोवती आपल्या कामाची आखणी करता येते. पायथॉन २ चा आधार मुळात २०१५ मध्ये संपायचा होता, तो वाढवून १ जानेवारी २०२० करण्यात आला. पायथॉन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आले होते, म्हणजे संक्रमणाला ११ वर्षे लागली. एवढा भार वाहणारे फार थोडे प्रकल्प असतात. दोन-तीन माणसांच्या प्रकल्पाने सध्याची आणि तिच्या आधीची अशा दोनच आवृत्त्या सांभाळाव्यात.

अनेक ठिकाणी मिरर (रिपॉझिटरीच्या आपोआप अद्ययावत होणाऱ्या प्रती) आहेत. वेगळा बॅकअप लागतो का?

लागतो. मिरर मूळ रिपॉझिटरीत जे घडते तेच करतो, मग ते बिघडणे का असेना. मार्च २०१३ मध्ये केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मुख्य गिट सर्व्हरची फाइल-व्यवस्था बिघडली आणि तो बिघाड मिररवरही पोचला. सुमारे १,५०० रिपॉझिटरी हातच्या जाण्याची वेळ आली होती. एका सर्व्हरवर शाबूत प्रत सापडली म्हणून निभावले. बॅकअपमध्ये जुन्या तारखेच्या प्रती असाव्या लागतात आणि त्या परत आणून पाहिलेल्या असाव्या लागतात.

रिपॉझिटरीबाहेरची माहिती तर हमखास विसरली जाते. बगच्या नोंदी, त्यावरील चर्चा, पुल रिक्वेस्टवरील परीक्षणे ही गिटमध्ये नसतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब डॉट कॉम या रिपॉझिटरी ठेवणाऱ्या सेवेवर चुकून डेटाबेस पुसला गेला, तेव्हा गिट रिपॉझिटरी सुरक्षित राहिल्या, पण सुमारे सहा तासांत झालेल्या नोंदी व चर्चा गेल्या. एखादा निर्णय का घेतला याची कारणे बहुधा त्या चर्चांतच असतात, तेव्हा त्यांचीही नियमित निर्यात करून ठेवावी.

रिलीज कोणी काढावे?

प्रत्येक आवृत्तीसाठी एका व्यक्तीचे नाव जाहीर असावे, आणि ती व्यक्ती आलटून पालटून बदलावी. 'सर्वांनी मिळून' या कामात तारीख कोणीच सांभाळत नाही. उलट, वर्षानुवर्षे एकाच व्यक्तीने काढले तर सह्यांच्या की, पॅकेज-भांडाराचे खाते, संकेतस्थळ बदलण्याचा अधिकार हे सारे एकाच ठिकाणी साचते, आणि ती व्यक्ती आजारी पडली की प्रकल्प थांबतो. किमान दोघांकडे प्रत्येक अधिकार असावा आणि प्रक्रियेची पायरीन्‌पायरी रिपॉझिटरीतच लिहिलेली असावी. ती अद्ययावत आहे का, हे पाहण्याचा एकच मार्ग म्हणजे ज्याने आजवर रिलीज काढलेले नाही त्याला ती वाचून काढू देणे. तो जिथे अडतो तिथे कागद अपुरा असतो.

रिलीजच्या आदल्या रात्री दोष सापडला तर?

हा दोष आधीच्या आवृत्तीतही होता का, हे पहिल्यांदा पाहावे. होता, तर नव्या आवृत्तीने कोणाचे जास्त नुकसान होणार नाही. माहीत असलेल्या दोषांच्या यादीत तो लिहावा आणि ठरल्याप्रमाणे पुढे जावे. नव्हता, तर ज्या बदलाने तो आणला तो बदल मागे घ्यावा. तो बदल दुरुस्त करण्याचा प्रयत्न त्या रात्री करू नये. रात्री अकरा वाजता लिहिलेली, कोणी न वाचलेली दुरुस्ती हीच पुढच्या आठवड्यातील तातडीच्या आवृत्तीचे कारण ठरते. बदल मागे घेतल्यावर नवी आरसी काढून काही दिवस द्यावेत. ज्याचा बदल मागे घेतला त्याला त्याच दिवशी, आदराने, पुढची तारीख कोणती हे कळवावे. स्वतःच्या सवडीने, मन लावून केलेले काम अखेरच्या क्षणी गळणे कोणालाही लागते, आणि तीन महिन्यांनी पुढचे रिलीज आहे हे ठामपणे सांगता आले तर ते लागणे बरेच हलके होते.

चेंजलॉग (आवृत्तीत काय बदलले याची नोंद) कमिटांच्या यादीवरून आपोआप बनवला तर?

कच्चा मसुदा म्हणून चालेल. कमिटचा संदेश सहकाऱ्यासाठी असतो आणि चेंजलॉग वापरकर्त्यासाठी, त्यामुळे तो माणसानेच लिहावा. अद्ययावत करताना हाताने काही करावे लागणार असेल, तर ते सर्वांत वर असावे.

आमचा प्रकल्प दोघांचाच आहे. हे सगळे आम्हालाही लागू होते का?

सगळे नाही. मर्ज विंडो, आरसींची मालिका, फिरता रिलीज मॅनेजर यांची दोघांना गरज नाही. मुख्य शाखा नेहमी चालती ठेवणे, टॅग लावला की न हलवणे, दुरुस्ती आधी मुख्य शाखेत करणे आणि सर्व खात्यांचे अधिकार दोघांकडेही असणे, एवढे पुरे. काही महिन्यांत दखल घेण्यासारखे काहीच बदलले नसेल, तर केवळ तारीख आली म्हणून रिलीज काढू नये. 'या वेळी आवृत्ती नाही' अशी एक ओळ ठरलेल्या दिवशी लिहिली तरी वाट पाहणाऱ्याला उत्तर मिळते.